पेन्सिलीतल्या एकसष्ट नोंदी

"मुलगी घाबरते, आवाज चढवू नये," असं फोनवरची बाई म्हणाली आणि मी बसच्या पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. बस सिग्नलला उभी होती, धरायचं काही कारण नव्हतं. दुपारचे साडेचार वाजले होते, ऊन थेट मांडीवरच्या पिशवीवर पडलं होतं, शेजारचे गृहस्थ डुलक्या काढत होते. फोनवरची बाई तरतरीत आवाजात पुढे बोलत राहिली. त्यांच्या संस्थेचा बारा आठवड्यांचा एक वर्ग आहे, 'धीट मूल' नावाचा, पहिले दोन तास फुकट, आणि माझ्या पाल्याच्या बाबतीत तशी नोंद असल्यामुळे त्यांनी आवर्जून फोन केला आहे. मी म्हटलं, "काय नोंद आहे? परत वाचा." तिने वाचली. "मुलगी घाबरते, आवाज चढवू नये. मावशीला बोलवावे." शेवटचे दोन शब्द तिने पहिल्यांदा गाळले होते. "ही तुम्हाला कुणी दिली?" "सिस्टीममध्येच आहे, मॅडम." "सिस्टीममध्ये कुणी घातली?" "ते मला नाही सांगता येणार, मॅडम. मी उद्या परत फोन करू का?" मी म्हटलं, उद्या मीच करते, आणि फोन ठेवला. कुणी लिहिली ते मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती नोंद मी लिहिली होती, आणि त्यातली मावशीही मीच होते.

एक थांबा आधीच उतरले आणि चालत निघाले. बसून राहिलं की माझं डोकंही बसून राहतं. वाटेत चपलांची दुकानं, एक चष्मेवाला, फुटपाथवर उलटी करून ठेवलेली प्लास्टिकची टेबलं, आणि या सगळ्यातून ते वाक्य माझ्यासोबत चालत होतं. विकणारी माणसं 'आवाज चढवू नये' असं लिहीत नाहीत. ते माझं आहे. मी शाळेच्या कार्यालयात तेवीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसते, आणि तेवीस वर्षं मी अशीच वाक्यं लिहिली: विचारू नये, एकट्याला पाठवू नये, मागच्या बाकावर बसवू नये. माझ्या आधी त्या खुर्चीत एक हेडक्लार्क होते, त्यांना सगळी शाळा खोडरबर म्हणायची आणि त्यांना त्याचा राग नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जनरल रजिस्टर उघडून दाखवलं. डावीकडून उजवीकडे शाईत नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकाचा व्यवसाय. आणि पानाच्या अगदी कडेला, शेऱ्याच्या रकान्यातही नाही, रकान्याच्या बाहेर, पेन्सिलीत बारीक अक्षरं. "शाईतलं शाळेचं," ते म्हणाले, "आणि पेन्सिलीतलं पोराचं. पोरगं दाखला घेऊन गेलं की त्याचं त्याला परत द्यायचं." परत द्यायचं म्हणजे खोडायचं. खोडताना कागद किंचित लोकरीसारखा होतो, रबराचा चुरा होतो, तो फुंकरीने उडवायचा आणि मग दाखल्यावर शिक्का मारायचा. शिक्का मारायच्या आधी फुंकर, हा क्रम त्यांनी मला शिकवला आणि मी तो कधी चुकवला नाही.

त्या नोंदी खिडकीतूनच यायच्या. फॉर्म भरून झाल्यावर पालक लगेच जात नाहीत, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. ते पिशवी उचलतात, परत ठेवतात, मागच्या माणसाकडे बघतात, आणि मग वाकून सांगतात. ह्याला झटके येतात, पण वर्गात कळू देऊ नका. हिची आई गेलीय असं आम्ही सांगतो, खरं म्हणजे ती दुसरीकडे राहते. हा अजून अंथरूण ओलं करतो, सहलीला नेताना तेवढं बघा. माणसं डॉक्टरला सांगणार नाहीत असं शाळेच्या कारकुनाला सांगतात, कारण कारकून काहीच करू शकत नाही, फक्त लिहून ठेवू शकतो. मी ऐकायची, मान हलवायची, पेन्सिल उचलायची. त्यांना ती पेन्सिल दिसायची आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल व्हायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. कुणी मला शपथ घातली नाही, मीही कुणाला वचन दिलं नाही, तरी ते वचनच होतं. ते मी पोटात ठेवलं, नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, तो होता तोवर.

मग कंत्राटदार आला. सहा महिन्यांपूर्वी शाळेने सगळे रेकॉर्ड एका बाहेरच्या कंपनीला संगणकावर चढवायला दिले आणि कंपनीने एक माणूस पाठवला, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काळजी नसावी" म्हणणारा. दोन दिवसांत त्याचं नाव तेच पडलं. काळजी नसावी आला का, काळजी नसावीला चहा दे, असं सगळं कार्यालय बोलायला लागलं. त्याने कोपऱ्यात यंत्र मांडलं आणि रजिस्टरं एकेक करून त्याखाली जायला लागली. आठवड्याभराने तो माझ्या टेबलापाशी आला. पानाच्या कडेला काहीतरी फिकट आहे, म्हणाला, यंत्र ते धड वाचतही नाही आणि धड सोडतही नाही, पान नापास होतं. "तेवढं जरा शाईने गिरवून द्याल का, मॅडम? तुमचं अक्षर तर छापल्यासारखं आहे." आणि मी गिरवून दिलं. अकरा दिवस दुपारी बसून, मान मोडेपर्यंत, नवं काळं पेन घेऊन, पेन्सिलीच्या रेघेवरून एक केसही न हलता. शिकत असलेल्या मुलांच्या एकसष्ट नोंदी होत्या. आपण काय करतोय हे मला कळलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तिसऱ्या की चौथ्या दुपारी हात एकदा थांबला होता. पण तेवीस वर्षांत माझ्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि मी पुढचं पान उलटलं. फुटपाथवर चालता चालता हे आठवलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की एका बंद दुकानाच्या पायरीवर मी दोन मिनिटं टेकले.

घरी भाची स्वयंपाकघराच्या टेबलावर पाय वर घेऊन अभ्यासाला बसली होती. बहीण दुसऱ्या शहरात रुग्णालयात नर्स आहे, महिन्यातले दोन रविवार येते, त्यामुळे पोर माझ्याकडे वाढली. आता चौदाची आहे, माझ्याच शाळेत शिकते. घरात तिला टकळी म्हणतात, कारण ती उठल्यापासून बोलते, भांडी घासताना बोलते, दात घासताना सुद्धा काहीतरी बोलत असते आणि मग आरशावर फेस उडतो. घाबरते म्हणे. मी तिला सगळं सांगितलं. लपवायला गेले असते तरी तिने पाच मिनिटांत काढून घेतलं असतं. ऐकता ऐकता तिने पाय खाली घेतले.

"माझ्याबद्दल लिहिलंस? तू?"

"सहा वर्षांची होतीस. तुमच्या त्या घरातून आलेलीस तेव्हा कुणी जोरात बोललं की बाकाखाली जाऊन बसायचीस."

"मग आता कुठे जाते मी बाकाखाली? अजून का आहे ते तिथे?"

"खोडायचं राहून गेलं."

"तुझं काही राहून जात नाही, मावशी. तू गॅस बंद आहे का ते तीनदा बघतेस."

तिचं खरं होतं. दर वर्षी, लागू न राहिलेल्या नोंदी खोडताना, त्या पानापाशी मी यायची आणि दर वर्षी पुढे जायची. पहिल्या वर्षी ती माझ्या कुशीत झोपायची, रात्रीतून माझ्या पदराचं टोक मुठीत धरून. त्या वर्षाचा फोटो नाही, बहिणीने काढू दिला नाही, तिला ते वर्षच नको होतं. माझ्याकडे तेवढी एक ओळ होती. ती मी ठेवून घेतली. पोराचं पोराला परत द्यायचं असतं, ते मी माझ्यासाठी ठेवून घेतलं, आणि वर शाईत गिरवलं. हे मी टकळीला सांगितलं. तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आणि बाकीची साठ मुलं?"

त्या साठांतलं एक नाव मघापासून माझ्या डोक्यात होतं. चौथीतली एक मुलगी आहे, तिची आई कपडे शिवते, एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पॅन्टच्या उंच्या कमी करण्याचं काम. दोन वर्षांत तिने तीन घरं बदलली. तिसऱ्या वेळी नवा पत्ता लिहायला आली तेव्हा दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग वाकून म्हणाली, "हिच्या वडलांना हा पत्ता मिळता कामा नये. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" मी पेन्सिल उचलली. 'वडिलांना पत्ता सांगू नये. फक्त आई किंवा मामा.' पंधरा दिवसांनी वडील आले. चांगले दिसणारे गृहस्थ, हातात रंगपेट्या, चेहऱ्यावर हसू. मुलीला अचानक भेटायचंय, म्हणाले, वाढदिवस आहे, पत्ता हवाय. मी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "नोंद अपूर्ण आहे." तो खूप वेळ उभा राहिला, हसू तसंच ठेवून, आणि खिडकीच्या कट्ट्यावर बोटांनी ठेका धरत होता. मी दुसऱ्या एका फॉर्मवर नाव लिहीत बसले, ते नाव कुणाचंच नव्हतं. शेवटी तो गेला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम असेल. आणि सोमवारी कंपनीचं पोर्टल सुरू होणार होतं. मुलाचं नाव आणि जन्मतारीख टाकली की आई किंवा वडील, दोघांनाही पूर्ण नोंद घरबसल्या दिसणार होती. त्या माणसाला जन्मतारीख पाठ होती, वाढदिवसालाच तर आला होता तो. त्याला पत्ता दिसणार, आणि पत्त्याशेजारी माझ्या छापल्यासारख्या अक्षरात हेही दिसणार की बायकोने तो कुणापासून लपवायला सांगितला होता.

त्या संध्याकाळी मी चहा दोनदा केला आणि दोनदा तसाच राहिला. टकळी बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत होती. मग तिने तो कागद माझ्यापुढे सरकवला. दुरुस्तीचा अर्ज होता, माझ्याच पद्धतीने लिहिलेला, विषय, महोदया, सगळं जागच्या जागी. खाली एकच ओळ: 'ही नोंद माझी आहे, ती आता खरी नाही, आणि ती मला न विचारता बाहेर दिली आहे, तरी काढून टाकावी.' "पालकाची सही लागते ना?" ती म्हणाली. "कर." पेन हातात घेतलं आणि तेव्हा मला नियम चौदा आठवला. प्रत्येक जनरल रजिस्टराच्या आतल्या पुठ्ठ्यावर तो छापलेला असतो, तेवीस वर्षं रोज उघडते ते पान, आणि छापलेल्या गोष्टी आपण वाचत नाही. पालकाने दुरुस्तीचा लेखी अर्ज केल्यास तो निकाली निघेपर्यंत सदर नोंद कोणासही देऊ नये अथवा प्रमाणित करू नये. मी सही केली. कधी नव्हे ते मोठं, ऐसपैस अक्षर आलं.

शुक्रवारी आठ वाजताच शाळेत गेले. शिपायाने नुकतं कुलूप काढलं होतं, वर्गांमधून बाक ओढल्याचे आवाज यायचे होते. कराराची फाइल माझ्याच कपाटात होती, तिच्यावर आवकचा शिक्का मीच मारलेला. शिक्का मारताना मी पानं मोजली होती, वाचली नव्हती. आता वाचली. कलम नऊ म्हणत होतं की सेवा सुधारण्यासाठी कंत्राटदार आपल्या जोडसंस्थांना नोंदी दाखवू शकेल. 'धीट मूल' म्हणजे जोडसंस्था, तर. पण कलम सहा त्याच्या आधी होतं: शाळेच्या रेकॉर्ड-कारकुनाने ताडून प्रमाणपत्र देईपर्यंत सर्व नोंदी कच्च्या समजल्या जातील आणि कच्च्या नोंदी कंत्राटदाराने कोणालाही दाखवू नयेत. प्रमाणपत्रावर माझी सही झालेली नव्हती, तो कागद आज यायचा होता. म्हणजे काल बसमध्ये मला जे वाचून दाखवलं ते त्यांनी उघडायलाच नको होतं. मी ते पान उघडं ठेवलं आणि कार्यालयाबाहेर गेले, कॉरिडॉरमधून वळून माझ्याच खिडकीसमोर उभी राहिले. या बाजूने मी ती कधी पाहिली नव्हती. कट्टा छातीपर्यंत येतो. आत बघायचं तर मान खाली घालावी लागते आणि बोलायचं तर वाकावं लागतं. तेवीस वर्षं मला वाटत होतं की लोक माझ्यावरच्या विश्वासाने वाकतात. मी हात आत घालून टकळीचा अर्ज कट्ट्यावर ठेवला, परत आत आले, खुर्चीत बसले, तो उचलला, 'मिळाले'चा शिक्का मारला आणि आवक क्रमांक टाकला. मग साठ मुलांची यादी काढली आणि त्यांच्या पालकांना फोन करायला लागले.

दहाला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. काळजी नसावी आधीच तिथे बसला होता, समोर लॅपटॉप, त्याच्याशेजारी प्रमाणपत्र. 'नोंदी मूळ रजिस्टराशी ताडून पाहिल्या, बरोबर आहेत.' खाली माझं पद आणि रिकामी रेघ.

"तेवढी एक सही राहिलीय तुमची," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी पाहुणे येणार आहेत पोर्टलच्या उद्घाटनाला."

"मी सही करणार नाही, बाई."

"का? चुका आहेत?"

"नाही. जशाच्या तशा उतरल्यात. पण त्यातल्या एकसष्ट नोंदी द्यायच्याच नव्हत्या."

काळजी नसावीने मान वर केली. "मॅडम, त्या तर तुम्हीच गिरवून दिल्या होत्या."

तोंडात मारल्यासारखं झालं. रात्रभर मी हे वाक्य स्वतःला ऐकवत होते, तरी त्याच्या तोंडून ऐकताना कान तापले. पायाखाली बघावंसं वाटलं. मी त्याच्याकडे बघितलं. "हो, मीच. चूक माझी आहे, ती मी लेखी देते, शाळेने काय करायचं ते करावं. पण माझ्या चुकीवर तुम्ही दुकान मांडायचं नाही. काल दुपारी साडेचारला मला तुमच्या जोडसंस्थेचा फोन आला. माझ्या भाचीची नोंद त्यांनी मला वाचून दाखवली. प्रमाणपत्र झालेलं नसताना. कलम सहा काढा."

त्याने काढलं नाही. त्याला ते माहीत होतं, हे त्याच्या बोटांवरून कळत होतं, ती लॅपटॉपच्या कडेला नुसतीच फिरत होती. "मी वर विचारून सांगतो," तो म्हणाला. "काळजी..." आणि तिथेच थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आपलं वाक्य पुरं करता आलं नाही, आणि मला हसू आवरायला ओठ चावावा लागला.

मोठ्या बाई वाईट नाहीत, हे सांगायला हवं. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर त्यांनी माझं काम दुसऱ्यांत वाटलं होतं. पण वरून आलेल्या कागदापुढे त्यांचा आवाज बदलतो, थोडा पातळ होतो. "हे बघा, करार वरून ठरलाय. माझ्या हातात काही नाही. तुम्ही अडून बसलात तर मला दुसऱ्या कुणाची सही घ्यावी लागेल. निवृत्तीला सात वर्षं आहेत तुमच्या, उगाच कशाला अंगावर ओढवून घेता?"

"घ्या दुसऱ्याची. पण अर्ज आलेला असताना नोंद प्रमाणित करता येत नाही, नियम चौदा. जो सही करेल त्याला नियम मोडून केली असं लिहावं लागेल."

"कसला अर्ज? कुणाचा?"

"दुरुस्तीचा. सकाळी आवक झालाय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "एका अर्जासाठी अख्खं पोर्टल थांबवायचं?"

"एक आलाय," मी म्हटलं. "साठ यायचेत. आणि या शाळेत माझ्या टेबलावर अर्ज कधी पडून राहत नाही म्हणून माझं नाव आहे ना, बाई? आता पडून राहतील. एकेक नीट तपासायला वेळ लागतो."

त्यांना राग आला होता, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं, ते काय हे मी शोधायला गेले नाही. तेवीस वर्षं मी या खोलीत येऊन 'हो बाई' म्हणून परत गेले होते. घाबरते, आवाज चढवू नये. मी आवाज चढवलाही नव्हता. त्या सहीच्या रिकाम्या रेघेकडे बघून मला एकदम खूप मोकळं वाटलं, लहानपणी शाळेला दांडी मारल्यावर वाटायचं तसं. मी नमस्कार करून बाहेर पडले.

अकराच्या सुमारास खिडकीपुढे माणसं जमायला लागली होती. फोनवर मी सगळ्यांना एवढंच म्हटलं होतं की तुमच्या मुलाची नोंद बाहेर गेली आहे, आज येऊन बघून घ्या. काही जण चिडलेले होते, काही नुसतेच गोंधळलेले, एक आजोबा रांगेत पहिले उभे राहून सगळ्यांना रांग लावायला सांगत होते. मी रांगेकडे बघून म्हटलं, "आजोबा, आधी त्या ताईंना येऊ द्या." मागे भिंतीला टेकून चौथीतल्या मुलीची आई उभी होती. कामावरून तशीच आली होती, गळ्यात मोजपट्टी, बाहीला टाचण्या टोचलेल्या. ती पुढे आली, कट्ट्यावर हात ठेवला, मागे वळून पाहिलं आणि सवयीने वाकली.

"वाकू नका," मी म्हटलं. उठून उभी राहिले, जनरल रजिस्टर उचललं आणि कट्ट्यावर तिच्याकडे तोंड करून ठेवलं. ते जड असतं, दोन्ही हात लागतात. इतकी वर्षं ते माझ्याकडे तोंड करून होतं, तिच्या बाजूने तिला फक्त पुठ्ठा दिसायचा. मी तिचं पान उघडलं आणि कडेला बोट ठेवलं.

तिने वाचलं. मग परत वाचलं. "हे तुम्ही पेन्सिलीत लिहिलं होतं. मी बघत होते."

"हो."

"आता शाईत आहे."

"मी गिरवलं. कंपनीच्या माणसाने सांगितलं आणि मी गिरवून दिलं. ते संगणकात गेलं. सोमवारी उघडणार होतं. ते आता उघडणार नाही, तुम्ही अर्ज दिलात तर. पण त्या कंपनीकडे ते गेलंय, हेही खरं आहे. मुलीच्या मामांना सांगा. घरी कुणी ओळखीचं नसलेलं आलं, फोन आला, तर लगेच मला कळवा. शाळेतून मुलीला तुमच्याशिवाय किंवा मामांशिवाय कुणाबरोबर मी पाठवणार नाही, गेटवर स्वतः उभी राहीन."

मला वाटलं, आता ती मला बोलेल, आणि मी ते ऐकायला तयार होते, माझी तेवढी तयारी रात्रीच झाली होती. तिने बाहीची एक टाचणी काढली, परत टोचली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "कुणाला सांगणार नाही ना, असं."

"हो. विचारलं होतं."

"पेन द्या."

मी पेन दिलं, कोरा कागद दिला. तिने तिथेच कट्ट्यावर उभ्याने अर्ज लिहिला, सावकाश, मोठ्या अक्षरात, एक शब्द खोडून परत लिहिला. लिहून झाल्यावर तिने पेन मला परत केलं नाही. रजिस्टर स्वतःकडे थोडं ओढलं आणि माझ्या सुबक ओळीवर आडवी रेघ मारली, मग दुसरी, मग इतक्या मारल्या की खाली काय होतं ते मलाही वाचता येईना. जनरल रजिस्टरात पालकाने हात लावायचा नसतो. असं कुणी केलं तर लगेच वर कळवायचं असतं. मी तिचा हात बघत राहिले. शिवणाऱ्या बाईचा हात होता, रेघा सरळ आणि जवळजवळ आल्या, टाके घालावेत तशा.

तिने पेन पुढे केलं. मी अर्जावर शिक्का मारला, आवक क्रमांक दोन टाकला आणि पोच तिच्या हातात दिली. ती घडी करून तिने पर्समध्ये ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. कॉरिडॉरच्या टोकाला मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, कधीपासून ते मला माहीत नाही. त्यांनी काही पाहिलं असेल तर पाहिलं.

मी पेन कट्ट्यावर ठेवलं, लोकांच्या बाजूला, त्यांच्या हाताशी. रजिस्टर तसंच त्यांच्याकडे तोंड करून राहू दिलं.

"या आजोबा," मी म्हटलं. "तुमचं पान काढते."